मानाचा पहिला फोन

आमच्या गावच्या दूध संस्थेत मी कॉम्प्युटरवर बसते. कॉम्प्युटर टेबलावर असतो आणि मी खुर्चीवर, पण गावात असंच म्हणतात. माझं माहेर भोर. लग्न होऊन वेल्ह्याकडे आले ते मार्गासनीच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच असलेल्या गावात. माहेरी असताना मी कॉम्प्युटरचा एक कोर्स केला होता, तेवढ्या भांडवलावर सासऱ्यांनी मला संस्थेत चिकटवून दिलं. काम अवघड नाही. सकाळी लोक किटल्या घेऊन येतात, दुधाचं माप होतं, फॅट लागते, आकडा माझ्यासमोर उमटतो, मी चिठ्ठी फाडून देते. दूध पलीकडच्या खोलीतल्या स्टीलच्या टाकीत पडतं. तिला आम्ही कूलर म्हणतो. कूलरनं दूध चार अंशांवर गार धरून ठेवायचं आणि दिवस कलला की टँकर येऊन ते घेऊन जाणार, असा आमचा रोजचा परिपाठ.

आमचं दूध ज्या डेअरीला जातं, तिनं एकदा आमच्या कूलरला एक डबा बसवायचं ठरवलं. डबा बसवायला पुण्याहून एक टेक्निशियन आला. चाळिशीचा, कपाळ मागे मागे सरकत चाललेला, आणि कुत्र्यांना इतका भिणारा, की संस्थेच्या दारात झोपणाऱ्या म्हाताऱ्या कुत्रीसमोरून तो लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून, भिंतीला पाठ लावत, आडवा आडवा आत शिरला. कुत्रीनं डोळासुद्धा उघडला नाही.

संचालकांची बैठक भरली. टेक्निशियननं समजावून सांगितलं की हा डबा टाकीचं तापमान घटकाघटकाला पुण्याच्या कॉम्प्युटरला कळवणार. दूध तापायला लागलं, वीज गेली, डबा बंद पडला, काहीही बिघडलं की पुण्याचा कॉम्प्युटर आपण होऊन आम्हाला फोन करणार. त्यात एका बाईचा आवाज भरलेला आहे. ती काय बिघडलंय ते सांगेल. मग एक दाबलं की निरोप पोचला, दोन दाबलं की निरोप पुढच्या माणसाकडे जाईल. काहीच दाबलं नाही तरी थोडा वेळ वाट बघून तो पुढच्याकडे जाईल.

"ह्याला एस्कलेशन म्हणतात," तो म्हणाला. "हे खालून वर चढत जातं. पहिला फोन मॅडमना, कारण त्या जागेवर असतात. मॅडमनी नाही उचलला तर संचालक, मग व्हाईस चेअरमन. आणि अगदीच कुणी नाही सापडलं, तर शेवटी चेअरमन साहेब."

चेअरमननी चहाची बशी खाली ठेवली.

"शेवटी कोन म्हनला?"

"तुम्ही, साहेब."

"लग्नाच्या पत्रिकेत माझं नाव कितव्या नंबरला छापत्यात, इचारा ह्यांना."

व्हाईस चेअरमन लगेच म्हणाले, "पयल्या."

"आन् तुमची मशीन मला शेवटाला फोन करनार?"

"साहेब, शेवटचा म्हणजे सगळ्यात मोठा," टेक्निशियन काकुळतीनं म्हणाला.

"मोठ्या मानसाला पंगतीत पयलं वाढत्यात का शेवटी?"

ह्यावर पुण्यात उत्तर नसावं. टेक्निशियननं माझ्याकडे पाहिलं. मी चेअरमनची चुलत सूनही लागते, तेव्हा मी पंख्याकडे पाहिलं. मग सगळं उलटं फिरवायचं ठरलं. पहिला फोन चेअरमनला, दुसरा व्हाईस चेअरमनला, तिसरा पठारावरच्या संचालकांना. हे पठारावरचे संचालक म्हणजे वरच्या धनगरवाड्यातले. मेंढरं, चार म्हशी आणि डोक्याला गुलाबी पटका. त्यांनी तिथल्या तिथं सांगून ठेवलं, "मला तिसरा ठिवा न्हाईतर तेरावा ठिवा. माज्या फोनला रेंज फकस्त देवाच्या दगडापाशी येती. मी दगडापाशी आसलो तर बोलंन." त्यांच्यानंतर, चौथी आणि शेवटची, मी. कूलरची खोली माझ्या खुर्चीपासून हाकेच्या अंतरावर होती, पण मान मानाच्या जागी.

पहिला आठवडा चेअरमन फार खुशीत होते. आमच्याकडे वीज जायला निमित्त लागत नाही, त्यामुळे फोनही भरपूर यायचे. चौकात, देवळात, न्हाव्याकडे, कुठंही असले तरी ते फोन आवाज मोठा करून चारचौघांत धरायचे. "नमस्कार. आपल्या केंद्रातील यंत्रणेत बिघाड झाला आहे," असं ती बाई अगदी शुद्ध पुणेरी सुरात सांगायची आणि चेअरमन आजूबाजूला बघायचे. "मशीनीचा फोन हाय. पुन्याहून." न्हाव्याकडे एकदा अर्धी दाढी झालेली असताना फोन आला, तर न्हाव्यानं वस्तरा बाजूला धरून उभ्यानं ऐकला म्हणे.

एवढं ऐकून झालं की चेअरमन एक दाबायचे. मान दिला आहे तो स्वीकारला पाहिजे, ह्या भावनेनं. एक दाबलं की पुण्याच्या कॉम्प्युटरची अशी समजूत व्हायची की आता हा गृहस्थ धावत कूलरकडे निघाला. म्हणून तो पुढं कुणालाच फोन करायचा नाही. चेअरमन फोन खिशात घालून उरलेली दाढी करून घ्यायचे. असं करता करता एका दिवशी दुपारभर वीज नव्हती आणि आम्हा बाकीच्यांना कुणाला पत्ता नव्हता. टँकर आला तेव्हा टाकीतलं दूध दूध राहिलं नव्हतं.

टेक्निशियन परत आला, कुत्रीसमोरून आडवा आडवा आत शिरला आणि म्हणाला, "साहेब, एक दाबलं म्हणजे तुम्ही स्वतः जाऊन बघणार असा त्याचा अर्थ होतो."

"मी जाऊन बगनार? मग चेअरमन कशाला झालो?"

"मग दोन दाबत चला."

त्या दिवसापासून चेअरमन दोन दाबू लागले. व्हाईस चेअरमनही दोन दाबायचे, कारण चेअरमननी जे केलं त्याच्या वेगळं करायची त्यांना सवय नव्हती. गावात तर तो वाक्प्रचारच झाला. कुणी अंगावरचं काम दुसऱ्यावर ढकललं की "त्यानं दोन दाबलं" म्हणायचे. माझ्या सासूबाई मला शेजारणीदेखत म्हणाल्या, "भांडी घासायला सांगितली का आमची सून दोन दाबती."

पठारावरच्या संचालकांची तऱ्हा निराळी होती. फोन ऐकू आला की ते दगडापाशी जायचे आणि त्या बाईशी बोलायचे. मी दुधाचा हिशेब द्यायला एकदा वरच्या वाडीवर गेले होते तेव्हा ते माझ्यादेखत घडलं.

"नमस्कार. आपल्या केंद्रातील यंत्रणेत..."

"व्हय ताई, नमस्कार. बोला."

"...बिघाड झाला आहे."

"कशाचा झाला बिगाड? लाईट गेली आसंल. हितं बी गेलीया. तुमच्याकडं हाय का?"

"स्वीकारण्यासाठी एक दाबा."

"दाबतो की, पर जेवलाव का तुमी? सकाळधरनं फोन करून ऱ्हायलाव."

"काका, ती रेकॉर्ड आहे," मी म्हणाले.

त्यांनी फोनवर हात ठेवून मला गप्प केलं. "ती काय बी आसंना. कामावर हाय न्हवं? दोन शब्द बोलायला काय जातंय?" तोवर ताईंचा धीर संपून फोन कटला आणि माझ्या पर्समधला वाजायला लागला.

एवढ्या फेऱ्यांतून फोन माझ्याकडे पोचेपर्यंत वेळ जायचा. टेक्निशियननं तिसऱ्यांदा येऊन त्यावर तोड काढली. चौघांपैकी कुणीच एक दाबलं नाही, तर शेवटी सगळ्यांना एकदम फोन. आम्हा चौघांना तर खराच, शिवाय बाकीच्या संचालकांनाही. आणि कुणीतरी एक दाबेपर्यंत ते फोन वाजतच राहणार. चेअरमनना ही कल्पना आवडली. "आन् त्यात पयला कोन वाजनार?" त्यांनी विचारलं. "सगळे एकदमच, साहेब." "तरी पन?" टेक्निशियन म्हणाला, "तुमचा, साहेब." आणि बॅग पोटाशी धरून निघून गेला.

त्यानंतर व्हाईस चेअरमनच्या मुलीचं लग्न आलं.

मुलगा भोरकडचा, पार हिर्डोशीचा. रविवारचं, भर दुपारचं लग्न, आमच्या रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात. गाव सगळं लग्नाला, म्हणजे संचालक मंडळही सगळं लग्नाला. सकाळचं दूध टाकीत घालून, खोलीला कुलूप लावून आणि चावी कमरेला खोचून मीही गेले. नवरी माझ्या हाताखालची, संस्थेत वर्षभर माझ्याशेजारी बसून तिनं चिठ्ठ्या फाडल्या होत्या. त्यामुळे तिला मुंडावळ्या बांधायचा मान माझा होता. माझी पर्स तिच्या खोलीतल्या कपाटात, कपाटाची किल्ली तिच्या मावशीकडे आणि मावशी नवरदेवाकडच्या बायकांना हळदीकुंकू लावत कुठंतरी.

मांडवात शुभाशीर्वाद चालू होते. आमच्याकडे हा कार्यक्रम लग्नापेक्षा मोठा असतो. एकेक पाहुणा माइकवर येऊन नवरानवरीला सोडून बाकी सगळ्या विषयांवर बोलतो. चेअरमनची पाळी आली. ते रस्त्याच्या कामावर बोलत असताना त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो वर धरून पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला.

"मंडळी, मशीनीचा फोन हाय. पुन्याहून," ते माइकवरूनच म्हणाले.

हिर्डोशीच्या पाहुण्यांनी असली मशीन पाहिली नव्हती, हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. त्यांनी आवाज मोठा केला आणि फोन माइकला लावला. सुरुवातीचं बोलणं फोन वर धरण्यात गेलं होतं. कर्ण्यातून मांडवभर घुमलं ते एवढंच:

"स्वीकारण्यासाठी एक दाबा. पुढे पाठवण्यासाठी दोन दाबा."

स्टेजवर नवरा मुलगा बसलेला. त्यानं दचकून नवरीच्या खोलीकडे पाहिलं. त्याचा मामा खुर्चीवरून उठून ओरडला, "आमी स्वीकारल्यालं हाय! म्होरं पाठवू नगा!"

मांडव हसून लोळायचा बाकी राहिला. चेअरमननी सवयीनं दोन दाबलं आणि रस्त्याच्या कामाकडे वळले.

आत मी नवरीला मुंडावळ्या बांधत होते. तो आवाज मीही ऐकला. पण त्या बाईचा आवाज मी दिवसातून इतक्यांदा ऐकत होते, की आता वीज गेली असेल आणि येईल, ह्यापलीकडे माझ्या मनात काही आलं नाही. नवरी मात्र संस्थेतली. ती म्हणाली, "ताई, मशीन हाय. बगून येता का?" मी म्हटलं, "माझी पाळी शेवटची. तू मान सरळ ठेव."

मधल्या वेळात काय काय झालं ते मला नंतर कळलं. व्हाईस चेअरमन म्हणजे नवरीचे वडील. त्यांचा फोन नव्या झब्ब्याच्या खिशात होता, आणि त्या झब्ब्याला खिसा कुठं आहे हेच त्यांना सापडेना. ते वाजत वाजत तसेच पाहुण्यांच्या पाया पडत राहिले. पठारावरच्या संचालकांना मंगल कार्यालयात छान रेंज होती. ते पहिल्या पंगतीत बसून जेवत होते. त्यांनी डाव्या हातानं फोन कानाला लावला. "ताई, आज लगीन हाय, म्हनून जरा गडबडीत हाय. तुमी बी यायला पायजे हुतं," असं म्हणून त्यांनी ताईंना जेवणात काय काय आहे ते सांगितलं. माझा फोन कपाटात वाजला आणि कपाटातच निमाला.

मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाट धरला. नवरीच्या मागे मी, हातात अक्षता. पहिलं झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला भटजींनी वरचा सूर लावला आणि सगळ्यांचे फोन एकदम वाजले.

चेअरमनचा वाजला, व्हाईस चेअरमनच्या झब्ब्यात कुठंतरी वाजला, गर्दीत इकडून तिकडून बाकीच्या संचालकांचे वाजले. ह्या सगळ्यांवर कडी केली पठारावरच्या संचालकांच्या फोननं. त्यांच्या नातवानं त्यांना मेंढरांमागे असतानाही ऐकू यावी अशी रिंगटोन घालून दिली होती: सनई, ताशा आणि हलगी, सगळं एकदम. दाराबाहेर बँडवाले हातात काठ्या घेऊन "सावधान" कधी होतंय ह्याची वाट बघत उभे होते. त्यांना वाटलं झालं लग्न. त्यांनी दणकून सुरुवात केली. बँड वाजला म्हटल्यावर लोकांनी होत्या नव्हत्या तेवढ्या अक्षता फेकल्या. अंतरपाट धरणाऱ्यांनी अंतरपाट सोडला. नवरीनं गोंधळून समोर हार टाकला, तो सुदैवानं नवऱ्याच्याच गळ्यात पडला.

"अहो, थांबा! माझी दोन राहिली!" भटजी ओरडत होते.

"ऱ्हाऊ द्या, नंतर म्हना," नवरदेवाचा मामा म्हणाला. "नवरा-नवरी काय पळून चालल्यात का?"

भटजींनी ती दोन मंगलाष्टकं मग जेवणाच्या पंगतीत म्हटली. पण त्याआधी चेअरमननी फोन कानाला लावला होता, आणि पहिल्यांदाच त्यांनी निरोप अथपासून इतिपर्यंत ऐकला.

"सूनबाई!" स्टेजवरून हाक आली. "दूध चाळीसवर गेलंय म्हनती!"

चाळीस! चारच्या जागी चाळीस! माझ्या हातातली अक्षतांची वाटी तिथंच पडली. चेअरमननी एक दाबलं, आयुष्यात पहिल्यांदा ते खऱ्या अर्थानं दाबलं, आणि आम्ही निघालो. मी शालू वर धरून, चेअरमन फेट्यासकट, व्हाईस चेअरमन विहिणीचा मान अर्धवट टाकून, पठारावरचे संचालक हात न धुता. मंडपवाल्याचा टेम्पो दारात उभा होता, त्यात आम्ही चढलो. नवरदेवाचा मामा काय चाललंय ते न कळताही चढला.

रविवार असल्यानं राजगडाला जाणाऱ्या गाड्यांची पार गडाखालच्या पालीपर्यंत रांग लागलेली. टेम्पो जागचा हलेना. तेव्हा मामा खाली उतरला, फेटा सावरला आणि पुण्याच्या पोरांच्या गाड्या एकेक करून कडेला घ्यायला लावल्या. "बाजूला व्हा! दूध उकळतंय!" असं तो ओरडत होता. एका मोटारीतली मुलगी काच खाली करून मला म्हणाली, "काकू, गॅस बंद करायचा राहिला का?"

संस्थेत पोचून मी कुलूप उघडलं. डब्यावर लाल दिवा. पडद्यावर चाळीस. कूलरचा आवाज बंद. मला येत होता तो उपाय मी केला: डबा बंद करून परत चालू केला. पडद्यावर परत चाळीस.

चेअरमननी टाकीचं झाकण उघडून आत हात घातला आणि पटकन बाहेर काढला.

"गार हाय."

आम्ही सगळ्यांनी आळीपाळीनं हात घातला. बर्फासारखं गार होतं. आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"म्हंजे येळेवर आलो," चेअरमन म्हणाले. "मशीनीला कळलंय, दुधाला आजून कळायचंय."

आज हे लिहिताना मला त्यातली गंमत दिसते. त्या वेळी मला ते पूर्ण पटलं होतं. पडदा चाळीस म्हणतोय, कूलर मुका झालाय, म्हणजे दूध आता तापणारच. टँकरला फोन केला तर तो पार गुंजवणीकडे. एवढं दूध तसंच नासू द्यायचं का?

"आचाऱ्याच्या भट्ट्या पेटलेल्याच हायत," पठारावरचे संचालक म्हणाले. "उकळून टाकू."

झालं. आम्ही कॅन भरले, टेम्पोत चढवले आणि मंगल कार्यालयात आणले. आचारी बुंदीची कढई उतरवून बिडी ओढत बसला होता. दुधाचे कॅन एकामागून एक येताना बघून तो उठून उभा राहिला.

"हे काय?"

"बासुंदी करा," चेअरमननी हुकूम दिला.

"किती मानसांची?"

चेअरमननी मांडवाकडे एक नजर टाकली. "सगळ्यांची."

त्या दुपारी हिर्डोशीच्या वऱ्हाडाला निघायचं होतं, ते निघालं नाही. कार्यालयातली पातेली, कढया, पाण्याचं एक घासून घेतलेलं पिंप, सगळं भट्टीवर चढलं. लग्नातल्या बायका शालू खोचून ढवळायला बसल्या. मीही बसले, माझ्याशेजारी खुद्द नवरी, हातात उलथनं. एवढं दूध आटायला दिवस पुरला नसता. शेवटी आचाऱ्यानं साखर घातली आणि उरलेली सगळी बुंदी त्यात ओतली. खरं सांगायचं तर ते साखर घातलेलं गरम दूध होतं आणि त्यात बुंदी पोहत होती. पण चेअरमननी माइकवरून बासुंदी म्हणून जाहीर केल्यावर कुणाची बिशाद. जेवून गेलेल्यांना घरून परत बोलावलं. रस्त्यात अडकलेली ट्रेकवाली पोरं द्रोण हातात घेऊन रांगेत उभी राहिली. मघाची ती मुलगी तीनदा येऊन गेली. नवरदेवाची आई मला हळूच म्हणाली, "आमच्याकडं एवढं न्हाई बगा करीत कुनी." मी तिच्या द्रोणात अजून एक पळी वाढली. आपल्या गावची अब्रू ज्यानं वाढतेय ते कशाला नाकारायचं?

तरीही दूध उरलं. ते तापवून कॅनमध्ये भरून वऱ्हाडाच्या गाडीत चढवून दिलं. संध्याकाळी टँकर आला. ड्रायव्हरनं टाकीत डोकावून पाहिलं आणि मला विचारलं, "दूध कुठंय?"

"संपलं."

"संपलं म्हंजे?"

"खाल्लं," चेअरमन म्हणाले आणि त्याच्या हातात द्रोण ठेवला.

दोन दिवसांनी टेक्निशियन आला. ह्या वेळी कुत्री जागी होती. तो दारातच थांबला, म्हणून मी डबा काढून त्याच्याकडे बाहेर नेला. त्यानं लॅपटॉप लावला, बराच वेळ बोटं चालवली, मग घाम पुसला.

"मॅडम, रविवारी पुण्याहून नवीन अपडेट टाकलं होतं. त्यात टिंब उडालं."

"कसलं टिंब?" चेअरमननी विचारलं.

"चार आणि शून्य ह्यांच्या मधलं. दूध चार पूर्णांक शून्यवर होतं. टिंब गेल्यानं डबा त्याला चाळीस म्हणत होता."

"पन कूलर बंद हुता."

"दूध पुरेसं गार झालं की तो आपोआप थांबतो, साहेब. थोड्या वेळानं परत सुरू झाला असता."

मी जमिनीकडे पाहिलं. व्हाईस चेअरमननी चेअरमनकडे पाहिलं. पठारावरचे संचालक आज खास खाली आले होते, ते पटका सोडून परत बांधायला लागले.

"म्हंजे दूध ठीक हुतं?" चेअरमननी विचारलं.

"एकदम ठीक होतं."

चेअरमननी विचार केला. "तरीच बासुंदी चांगली झाली."

मग त्यांनी टेक्निशियनला चहा पाजला आणि डेअरीला काय कळवायचं ते दोघांनी मिळून ठरवलं. मी तिथं नव्हते. डेअरीकडून आम्हाला कधी जाब आला नाही, तेव्हा जे काही ठरलं असेल ते चांगलंच ठरलं असणार.

लग्नानंतर नवरी पहिल्यांदा माहेरी, मांडव परतायला आली तेव्हा आधी संस्थेत आली. येताना तिनं स्टीलचा एक डबा आणला होता. तिला गाडीत चढवलेल्या दुधाचं काय झालं ते विचारलं, तर ती हसायलाच लागली. वरंध्याच्या रस्त्याची वळणं आणि खड्डे. कॅन गाडीत इकडून तिकडे आदळत गेले. हिर्डोशीला पोचून झाकण उघडलं, तर वर सायीचे न् लोण्याचे गोळे तरंगत होते. सासूबाईंनी ते सगळं काढून घेतलं आणि पहाटे उठून सुनेच्या हातात कढई दिली.

"हळद निघाली न्हवती हाताची," ती म्हणाली, "आन् मी चुलीपुढं तूप कढवीत बसले हुते."

"जमलं का पण?" मी विचारलं.

"जरा करपलं. पर सासूबाई म्हनल्या, चालंल, तुमच्या गावाकडं दुधाला तोटा न्हाई."

तिनं डबा उघडला. तूप खरंच थोडं तांबूस होतं. आम्ही आतून शिळी भाकरी आणली, तूप लावलं आणि कॉम्प्युटरसमोरच बसून खाल्ली.